स्वस्त आणि चांगली आयशॅडो पॅलेट कशी निवडावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आयशॅडोची पहिली पॅलेट घेताना बहुतेकांची नजर चकाकणाऱ्या रंगांवर जाते आणि खरेदीही त्यांच्याच भरवशावर होते. सोनेरी, तांबूस, मोतिया रंगांच्या वड्या झाकणाच्या पारदर्शक भागातून लक्ष वेधून घेतात, आणि त्यांच्या शेजारचा साधा, न चमकणारा तपकिरी रंग मात्र कोणी नीट पाहतही नाही. या लेखातला माझा मुख्य सल्ला त्या दुर्लक्षित तपकिरी रंगाबद्दल आहे. स्वस्त पॅलेट घेण्याजोगी आहे की नाही, हे तिच्यातल्या मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या, रंगांवरून ठरवावे. चकाकणारे रंग आज जवळजवळ कोणत्याही किमतीत बरे मिळतात. मॅट रंग चांगला जमणे मात्र अवघड असते, आणि रोजच्या मेकअपचा बहुतेक भार त्याच्यावरच असतो.

औषधांच्या आणि दैनंदिन वस्तूंच्या दुकानांत स्वतःच्या हाताने उचलून घेता येणाऱ्या मेकअपला ड्रगस्टोअर मेकअप म्हणतात. मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या दालनात मदतीला विक्रेती असते, रंग लावून पाहता येतो, शंका विचारता येतात. ड्रगस्टोअरमध्ये बहुतेक वेळा बंद खोका आणि आपण, एवढेच असते. त्यामुळे खोक्याकडे पाहून जितके ओळखता येईल तितके ओळखायला शिकणे, हाच या खरेदीतला मोठा भाग आहे.

आधी वडी समजून घ्यावी

पॅलेटच्या प्रत्येक खणात दाबून बसवलेल्या भुकटीची वडी असते. तिचा मोठा भाग टाल्क, अभ्रक, सिलिका अशा भुकट्यांचा असतो. त्यात रंगद्रव्ये मिसळतात; भुकटी त्वचेला चिकटावी आणि दाबल्यावर एकसंध राहावी म्हणून झिंक स्टिअरेट किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात; आणि बांधणीसाठी थोडे तेल किंवा सिलिकोन वापरतात. हे मिश्रण धातूच्या लहान थाळीत यंत्राने दाबले की वडी तयार होते. महागड्या आणि स्वस्त पॅलेटच्या पाठीवर घटकांची यादी अनेकदा जवळपास सारखीच दिसते, याचे कारण हेच आहे. भुकटी किती बारीक दळली, रंगद्रव्य किती घातले आणि ते किती एकजीव झाले, बांधणी किती आणि दाब किती दिला, यांवर वडीचा दर्जा ठरतो, आणि यांपैकी एकही गोष्ट खोक्यावर छापलेली नसते.

चकाकणाऱ्या वड्यांचे गणित थोडे वेगळे आहे. त्यांत अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. या थराची जाडी बदलली की परावर्तित होणारा रंगही बदलतो. एकाच पापणीवर कोनानुसार हिरवट आणि जांभळट दिसणारे रंग याच तत्त्वावर बनतात. हे लेप चढवलेले अभ्रक उत्पादकांना तयार विकत मिळते. पापुद्रे चपटे असल्यामुळे ते बोटाखाली सहज सरकतात आणि त्वचेवर आडवे बसतात, शिवाय अशा वडीत बांधणीही सढळ हाताने घातलेली असते. म्हणूनच अगदी स्वस्त शिमर, म्हणजे चकाकणारा, रंगही बोटाला मऊ, लोण्यासारखा लागतो आणि पाहणाऱ्याला वाटते की पॅलेट उत्तम आहे.

मॅट रंगाला हा आधार मिळत नाही. त्याचे कण चकाकून दोष झाकत नाहीत. त्यात गुठळी असेल तर ती डाग म्हणून दिसते, रंगद्रव्य कमी असेल तर खडूसारखी पांढुरकी छटा येते, दाब जास्त झाला असेल तर ब्रशला काही लागतच नाही, आणि दाब कमी झाला असेल तर अर्धी वडी गालावर उडते. शिवाय मॅट रंग कडेला विरत जायला हवा, कारण त्याचे कामच पापणीच्या घडीत सावली देण्याचे असते.

किंमत कशाची असते

स्वस्त म्हणजे निकृष्ट, ही समजूत नव्याने येणाऱ्यांनी सुरुवातीलाच सोडून द्यावी. फ्रान्सच्या लॉरिअल समूहाकडे लान्कोम १९६४ मध्ये, मेबेलिन १९९६ मध्ये, अर्बन डिके २०१२ मध्ये आणि एनवायएक्स २०१४ मध्ये आले. म्हणजे महागड्या काउंटरवरची आणि ड्रगस्टोअरच्या फळीवरची नावे एकाच छत्राखाली आहेत. अनेक ब्रँड तर स्वतः उत्पादन करतच नाहीत. १९७२ मध्ये इटलीत सुरू झालेल्या इंटरकोससारख्या कंपन्या वेगवेगळ्या ब्रँडसाठी, वेगवेगळ्या किमतीची प्रसाधने बनवून देतात. याचा अर्थ स्वस्त पॅलेटमध्ये महागडीचेच मिश्रण भरलेले असते असा मुळीच घेऊ नये. प्रत्येक ब्रँडचे मिश्रण आणि खर्चाची मर्यादा वेगळी असते. मात्र चांगली वडी बनवण्याचे ज्ञान आणि यंत्रसामग्री महागड्या ब्रँडांपुरतीच मर्यादित राहिलेली नाही, एवढे यावरून नक्की समजते. चुंबकाने बंद होणारे झाकण, मोठा आरसा, जाड पुठ्ठ्याचे आवरण आणि जाहिरात यांचाही खर्च महागड्या पॅलेटच्या किमतीत असतो, आणि तो पापणीवर दिसत नाही.

पहिली पायरी: किती रंग लागतात ते ठरवावे

माझी पहिली पॅलेट पस्तीस रंगांची होती. ती संपवण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तिच्यातल्या चार वड्यांचा तळ दिसू लागला तरी उरलेल्या एकतीस वड्या जवळपास कोऱ्या होत्या. ते चार रंग कोणते, हे पाहिल्यावर मला स्वतःची गरज कळली: त्वचेशी मिळताजुळता एक फिका मॅट, त्वचेपेक्षा थोडा गडद एक मॅट, एक जवळजवळ काळा तपकिरी आणि एक मंद चमकणारा रंग.

नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी हाच आराखडा सुचवीन. त्वचेच्या रंगाचा मॅट पापणीवर पायाभूत थर म्हणून लावतात. त्याहून एक-दोन छटा गडद असलेला मॅट पापणीच्या घडीत फिरवतात. त्याला मेकअपच्या भाषेत ट्रान्झिशन शेड म्हणतात, आणि सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो. गडद रंगाने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला खोली येते आणि ओल्या बारीक ब्रशने तोच रंग आयलायनरसारखाही वापरता येतो. चमकणारा रंग पापणीच्या मध्यभागी येतो. हे चार रंग असले की काम सुरू होते, सहा असले तर थोडी मोकळीक मिळते, आणि नऊच्या पुढे बहुधा पुनरावृत्ती सुरू होते. पॅलेटमधले अर्ध्याहून अधिक रंग चकाकणारे असतील तर पहिली पॅलेट म्हणून ती घेऊ नये.

दुसरी पायरी: आपल्या त्वचेवर जे दिसतील तेच रंग निवडावेत

खोक्यावरचा फिका पीच रंग गोऱ्या त्वचेवर पीचच दिसतो, पण सावळ्या किंवा गडद त्वचेवर तोच राखेसारखा करडा उमटतो. दोष त्वचेचा नसतो. फिके मॅट रंग बनवताना टायटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे रंगद्रव्य आणि टाल्कसारखी भुकटी भरपूर घालावी लागते, आणि ती पांढरट साय गडद त्वचेवर वर तरंगल्यासारखी दिसते. म्हणून खोक्यावर ज्या रंगाला ट्रान्झिशन शेड म्हटले आहे तो प्रत्येकासाठी तसा असेलच असे नाही. गोऱ्या त्वचेसाठी फिका तपकिरी, गव्हाळ त्वचेसाठी उबदार मध्यम तपकिरी, सावळ्या त्वचेसाठी विटकरी किंवा गेरूसारखा रंग आणि गडद त्वचेसाठी लालसर गडद तपकिरी, असा साधारण क्रम धरावा. गोऱ्या चेहऱ्यावर जो विटकरी रंग डोळा सुजल्यासारखा लाल दिसेल, तोच सावळ्या चेहऱ्यावर सुरेख सावली देतो.

त्वचेची छटा पिवळसर आहे की गुलाबी, याचा विचार त्यानंतर करावा. पिवळसर छटेवर सोनेरी, तांबूस, मधाळ रंग सहज बसतात; गुलाबी छटेवर करडा तपकिरी, गुलाबी तपकिरी, चंदेरी रंग. हा नियम मोडला तरी काही बिघडत नाही. रंगाची गडदता चुकली तर मात्र वडी पडूनच राहते, म्हणून माझ्या मते तिला छटेपेक्षा जास्त महत्त्व द्यावे.

स्वस्त पॅलेटच्या बाबतीत तपकिरी, विटकरी, गेरूच्या रंगांकडे वळण्याला आणखी एक भक्कम कारण आहे. हे सगळे रंग लोहाच्या लाल, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडांपासून बनतात. गेरूचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. ही रंगद्रव्ये स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत आणि त्यांची झाकण्याची शक्ती मोठी आहे, त्यामुळे कमी खर्चातही त्यांच्यापासून चांगली वडी बनते. मॅट जांभळ्या आणि निळ्या रंगांची कथा वेगळी आहे. त्यांत वापरली जाणारी अल्ट्रामरीन आणि मँगनीज व्हायोलेट ही रंगद्रव्ये तुलनेने दुबळी आहेत आणि ती एकसारखी पसरवणे कठीण असते, म्हणून स्वस्त पॅलेटमधला मॅट जांभळा अनेकदा ठिपक्याठिपक्यांनी बसतो. जांभळा हवाच असेल तर कमी किमतीत तो शिमर स्वरूपात घ्यावा.

तिसरी पायरी: खोका उलटून वाचावा

फळीसमोर उभे राहून खोका उलटला की अक्षरे बारीक असतात आणि वाचायचा कंटाळा येतो. तरीही दोन मिनिटे द्यावीत, कारण ड्रगस्टोअरमध्ये तपासणीची जी काही संधी आहे ती बहुतांशी इथेच आहे.

सर्वप्रथम निव्वळ वजन पाहावे. त्याचा हिशेब पुढे येतो. त्यानंतर उघड्या डबीचे लहान चित्र शोधावे; त्यात १२ एम किंवा २४ एम असे लिहिलेले असते आणि पॅलेट उघडल्यानंतर ती किती महिने वापरावी हे त्यातून कळते. बॅच क्रमांक, म्हणजे माल कोणत्या खेपेत बनला तो क्रमांक, छापलेला किंवा कोरलेला आहे का, हेही पाहावे.

घटकांच्या यादीत सुरुवातीला जे असते त्याचे प्रमाण जास्त असते. टाल्क पहिल्या क्रमांकावर दिसला म्हणून पॅलेट नाकारू नये. उत्तम मॅट वड्यांमध्येही तो अनेकदा पहिला असतो. रंगद्रव्ये बहुधा यादीच्या शेवटी, अधिक-उणे चिन्हानंतर येतात आणि सीआय या अक्षरांपुढे पाच आकडी क्रमांक असतो. त्यांपैकी मोजके क्रमांक लक्षात ठेवले तरी पुरते. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोहाची लाल, पिवळी आणि काळी ऑक्साइडे. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. ७७००७ म्हणजे अल्ट्रामरीन. ७५४७० म्हणजे कार्माइन, हे एका कीटकापासून मिळवलेले लाल रंगद्रव्य आहे, त्यामुळे प्राणिजन्य घटक टाळणाऱ्यांनी आणि त्याची ॲलर्जी असलेल्यांनी तो क्रमांक आवर्जून शोधावा. यादीत सुगंधाचा उल्लेख असेल आणि तुमचे डोळे सहज चुरचुरत असतील, तर ती पॅलेट परत फळीवर ठेवावी. पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी असते, आणि आयशॅडोला वास असण्याची काही गरजही नसते.

भडक गुलाबी, लाल आणि निऑन रंगांच्या पॅलेटवर आणखी एक वाक्य शोधावे. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरण्यासाठी रंगद्रव्यांना वेगळी मान्यता लागते, आणि काही तेजस्वी रंगद्रव्यांना ती मिळालेली नाही. अशी पॅलेट अनेकदा ‘प्रेस्ड पिगमेंट’ या नावाने विकली जाते आणि हे रंग डोळ्यांच्या भागासाठी नाहीत, अशी सूचना पाठीमागे लहान अक्षरांत असते. रचना पॅलेटचीच, छायाचित्रातही रंग डोळ्यांवरच लावलेला. त्यामुळे नवा ग्राहक हमखास फसतो. पहिल्या पॅलेटसाठी या फंदात पडू नये. तसेच हस्तकलेसाठी मिळणारी चकाकी डोळ्यांजवळ कधीही लावू नये, कारण तिचे कण टोकदार असतात आणि त्यांनी बुबुळावर ओरखडा पडू शकतो.

चौथी पायरी: चाचणी, आणि तीही योग्य रंगाची

टेस्टर, म्हणजे लावून पाहण्यासाठीचा नमुना, ठेवलेला असेल तर तो थेट पापणीवर किंवा ओठांवर लावू नये; किती जणांची बोटे त्यात गेली आहेत याचा पत्ता नसतो. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूवर तपासावे.

चाचणी कशी करावी हे मी थोडे विस्ताराने सांगते, कारण चुका इथेच होतात. प्रथम तो मध्यम तपकिरी मॅट शोधावा. बोट एकदाच, हलक्या दाबाने वडीवरून फिरवावे आणि बोटाकडे पाहावे. रंग बोटाच्या रेषांमध्ये एकसारखा भरला असेल तर ते चांगले लक्षण आहे. वडीवर बोटाचा माग उमटून भुकटीचा ढिगारा झाला असेल तर ती फार सैल आहे. बोटाला जेमतेम धूसर डाग लागला असेल तर ती फार घट्ट आहे. आता हातावर सुमारे दोन इंचांचा एक पट्टा ओढावा. केवळ पट्ट्याच्या गडदपणावर भाळू नये, कारण बोटाच्या उबेने आणि तेलाने कोणताही रंग ब्रशपेक्षा दाट उतरतो. दुसऱ्या, स्वच्छ बोटाने पट्ट्याची खालची कडा लहान वर्तुळांत घासायला सुरुवात करावी. चांगला मॅट रंग दहा-बारा वेळा घासल्यावर गडदाकडून फिक्याकडे हळूहळू विरत जातो आणि कडा कुठे संपली ते सांगता येत नाही. सुमार रंग दोनपैकी एक खोड दाखवतो: एक तर चार वेळा घासल्यावर सगळाच नाहीसा होतो, किंवा मध्येच उघडी त्वचा दाखवत तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहतो.

एकदा मी घरी एका महागड्या पॅलेटमधला आणि एका ड्रगस्टोअर पॅलेटमधला तपकिरी रंग शेजारी शेजारी लावून अशी कसोटी घेतली होती. पहिल्यांदा ओढलेल्या पट्ट्यात महागडा रंग अधिक गडद होता. घासल्यानंतर मात्र त्याच्या मध्यभागी फिकट भोक पडले, आणि स्वस्त रंग, जो सुरुवातीला थोडा बुजरा वाटला होता, कडेपर्यंत सलग राहिला. तेव्हापासून पहिल्यांदा उमटलेल्या रंगापेक्षा घासल्यानंतरच्या रंगावर माझा जास्त विश्वास आहे.

पट्टे हातावर तसेच ठेवून दाराजवळ किंवा खिडकीजवळ जावे. दुकानातल्या दिव्यांखाली उबदार आणि थंड छटा सारख्याच दिसू शकतात. दिवसाच्या उजेडात तो तपकिरी खरोखर तपकिरी आहे की लालसर, ते कळते. शक्य असेल तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

टेस्टर नसेल तर खोका फोडून पाहू नये. त्यातला रंग दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्याला लागणार आहे. अशा वेळी पॅलेटचे नाव आणि ‘स्वॉच’ (लावून दाखवलेला रंगाचा नमुना) हा शब्द घालून चित्रफिती शोधाव्यात, आणि शोधताना तीन अटी पाळाव्यात. ज्यांच्या त्वचेचा रंग आपल्याशी जुळतो त्यांचाच पापणीवरचा रंग पाहावा. बोटाने ओढलेल्या पट्ट्यांपेक्षा ब्रशने प्रत्यक्ष डोळ्यावर लावलेले दृश्य महत्त्वाचे मानावे. आणि काही तासांनंतरचा डोळा दाखवणाऱ्या व्यक्तीला, केवळ खोका उघडून आनंद व्यक्त करणाऱ्या व्यक्तीपेक्षा अधिक वजन द्यावे. मोफत मिळालेल्या वस्तूविषयी बोलणारी व्यक्ती खोटेच बोलते असे नाही. पण तिने स्वतःच्या पैशांनी तीच पॅलेट पुन्हा घेतली असती का, हा प्रश्न मनात ठेवून ऐकावे.

पाचवी पायरी: दर ग्रॅममागचा हिशेब

एकूण किमतीला निव्वळ वजनाने भागले की दर ग्रॅममागचा भाव निघतो. एवढ्यावर थांबल्यास मात्र हिशेब फसवा ठरतो. समजा, एका पॅलेटमध्ये १८ वड्या आहेत आणि प्रत्येक वडी ०.८ ग्रॅमची आहे, एकूण १४.४ ग्रॅम झाले. दुसरीत ६ वड्या आहेत, प्रत्येकी १.५ ग्रॅमच्या, एकूण ९ ग्रॅम. दोन्हींची किंमत सारखी असेल तर पहिली स्वस्त वाटते. आता पहिलीतले तुम्ही प्रत्यक्षात वापराल असे रंग मोजावेत. ते पाच निघाले, तर उपयोगी माल ४ ग्रॅम आहे. दुसरीतले सहाही रंग वापरणार असाल तर तिथे ९ ग्रॅम उपयोगी आहेत, म्हणजे दुप्पटीहून अधिक. किमतीला वापरात येणाऱ्या वजनानेच भागावे.

वडी किती लहान आहे याची मात्र फार चिंता करू नये. एका वेळी पापणीला फारच थोडी भुकटी लागते, त्यामुळे ग्रॅम-दीड ग्रॅमची वडी रोजच्या वापरातही कित्येक महिने पुरते. फार लहान वडीचा त्रास वेगळा असतो: घडीत फिरवायचा गुबगुबीत ब्रश तिच्यात मावत नाही आणि शेजारच्या चकाकीला लागून येतो. खणाची रुंदी ब्रशच्या टोकापेक्षा जास्त आहे ना, एवढे पाहावे.

बनावट मालापासून सावधगिरी

एखादी प्रसिद्ध पॅलेट अनोळखी विक्रेत्याकडे नेहमीच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळत असेल तर ती घेऊ नये. बनावट मालात काय भरले आहे हे कोणालाच माहीत नसते, आणि ते डोळ्याला लावायचे असते. बॅच क्रमांक नसणे, घटकांची यादी नसणे किंवा तिच्यात अशुद्ध अक्षरे असणे, वजन ब्रँडने जाहीर केलेल्या वजनाशी न जुळणे, ही ओळखण्याची सोपी चिन्हे आहेत. कमी पैशांत सुरक्षित राहायचे असेल तर महागड्या नावाची नक्कल घेण्यापेक्षा स्वस्त ब्रँडचा अस्सल माल घेणे केव्हाही श्रेयस्कर.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

नवी पॅलेट लगेच पापणीवर लावण्याची घाई करू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था नवे प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूला किंवा दंडाच्या खालच्या भागावर दिवसातून दोन वेळा, सात ते दहा दिवस लावून पाहण्याचा सल्ला देते. ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी हा सल्ला तंतोतंत पाळावा. लाली, खाज किंवा पुरळ दिसले तर ती पॅलेट डोळ्यांसाठी नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मेकअपच्या आधी लेन्स घालाव्यात आणि मेकअप पुसण्याआधी त्या काढाव्यात.

स्वस्त पॅलेटकडून उत्तम काम करून घेण्याचे मार्ग साधे आहेत. पापणी तेलकट असेल तर कोणताही रंग घडीत जमा होतो, म्हणून प्रायमरचा (रंग टिकवणाऱ्या पायाभूत लेपाचा) किंवा कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ थर द्यावा आणि त्यावर त्वचेच्या रंगाचा मॅट दाबून तो कोरडा करावा. हा कोरडा थर चुकवला की ओलसर जागी पडलेला तपकिरी रंग तिथेच चिकटून बसतो आणि पसरत नाही. लोक अशा वेळी पॅलेटला दोष देतात, आणि चूक थराची असते. ब्रश वडीवर घासू नये, टेकवावा. जास्तीची भुकटी झटकून मगच पापणीला लावावा. ट्रान्झिशन शेड मऊ, मोकळ्या केसांच्या ब्रशने गाडीची काच पुसणाऱ्या वायपरसारख्या हालचालीने घडीत मागेपुढे फिरवावी, आणि गडद रंग एकदम न लावता दोन-तीन फिकट थरांत चढवावा. शिमर रंग बोटाने किंवा किंचित ओलसर चपट्या ब्रशने दाबून बसवावा. सैल वडीची भुकटी गालावर पडतच असेल तर डोळे आधी रंगवावेत आणि फाउंडेशन नंतर लावावे.

पॅलेटसोबत आलेला स्पंजाचा लहान ब्रश शिमर दाबायला चालतो, पण मॅट रंग त्याने पसरत नाही. पैसे वाचले असतील तर ते एका चांगल्या ब्लेंडिंग ब्रशवर घालावेत. मध्यम दर्जाची पॅलेट चांगल्या ब्रशने जितकी सुधारते तितकी ती दुसऱ्या कशानेही सुधारत नाही.

पॅलेटची निगा

काही आठवड्यांनी एखाद्या वडीवर चकचकीत, कडक साय येते आणि ब्रशला रंग लागेनासा होतो. ती वडी खराब झालेली नसते; बोटांचे आणि ब्रशचे तेल पृष्ठभागावर बसलेले असते. चिकटपट्टीचा तुकडा वडीवर हलकेच दाबून उचलला की साय निघून येते आणि खालची ताजी भुकटी उघडी पडते. ओल्या ब्रशने ही साय लवकर धरते, म्हणून ओला वापर करायचा असेल तर थोडी भुकटी आधी दुसऱ्या पृष्ठभागावर काढून घ्यावी. कोरड्या भुकटीत पाणी नसल्याने जंतू सहजासहजी वाढत नाहीत, मात्र वारंवार ओलावा मिळाला तर हा फायदा राहत नाही.

वडी पडून फुटली तर तिचे तुकडे त्याच थाळीत टाचणीने बारीक करावेत, त्यात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब टाकून लगदा करावा, वर कागदी रुमाल ठेवून सपाट वस्तूने घट्ट दाबावे आणि रात्रभर उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे. मॅट रंग या उपचारानंतर बहुधा पूर्ववत चालतात. शिमर रंगांचा मऊपणा थोडा कमी होतो. ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन आडवे वाळवावेत. डोळे आले असतील किंवा पापणीवर रांजणवाडी झाली असेल तर बरे होईपर्यंत आयशॅडो बंद ठेवावी, ब्रश धुवावेत, आणि संसर्ग झाला तेव्हा वापरात असलेली आयशॅडो टाकून द्यावी.